पाहिलेले आणि राहिलेले : मराठी प्रवासलेखनातील ठिकाण आणि आठवण

१

मराठी प्रवासवर्णनाचा आढावा घेताना आपली समीक्षा सहसा दोन टप्प्यांची मांडणी करते. पहिला टप्पा माहितीचा. प्रवासी दूरदेशी गेला, त्याने तिथली शहरे, इमारती, रीतिभाती पाहिल्या आणि घरी बसलेल्या वाचकाला त्या सांगितल्या. दुसरा टप्पा ललित प्रवासवर्णनाचा. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० साली प्रसिद्ध झाले आणि प्रवासवर्णनात माहितीच्या जागी लेखकाचे व्यक्तिमत्त्व आले, असे मानले जाते. पुढे गंगाधर गाडगीळ, रा. भि. जोशी, पु. ल. देशपांडे यांनी हा प्रकार लोकप्रिय आणि प्रतिष्ठित केला. चांगल्या प्रवासवर्णनात स्थळापेक्षा ते पाहणारे मन महत्त्वाचे, हा निकष तेव्हापासून आपल्याकडे रूढ आहे.

हा निकष चुकीचा नाही. पण त्याने एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एकाच लेखकाच्या एकाच पुस्तकातले एक ठिकाण वाचकाच्या मनात वर्षानुवर्षे टिकते आणि दुसरे पान उलटताच पुसले जाते, असे का होते? लेखक तोच, शैली तीच, व्यक्तिमत्त्वही तेच. मग फरक कशात असतो?

या प्रश्नाचा माग घेताना 'राहणे' या क्रियापदाची मदत होते. 'आम्ही तिथे आठ दिवस राहिलो' या वाक्यात ते मुक्कामाचे क्रियापद आहे. 'ते गाव अजून लक्षात राहिले आहे' या वाक्यात ते आठवणीचे आहे. 'एवढे लांब गेलो, पण तेवढे बघायचे राहूनच गेले' या वाक्यात ते हुकलेल्या गोष्टीचे आहे. आणि 'तिथे राहणारे लोक' म्हणताना ते त्या माणसांचे असते ज्यांना आपले आवडते ठिकाण हे ठिकाण नसून घर असते. पाहण्याचा आणि आठवण्याचा असा जवळचा संबंध मराठीने जोडलेला नाही. राहण्याचा आणि आठवण्याचा मात्र एकाच शब्दात जोडला आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : मराठी प्रवासलेखनात टिकलेली ठिकाणे ही मुख्यतः पाहिलेली ठिकाणे नाहीत, तर कोणत्या ना कोणत्या अर्थाने 'राहिलेली' आहेत. प्रवाशाचे तिथे काही काम होते, गरज होती, तिथल्या माणसांशी देणेघेणे होते. वर्णनाची समृद्धी हा आठवणीचा पुरावा नसतो. पुष्कळदा ती आठवण नसल्याची भरपाई असते. हे तपासण्यासाठी मी मराठीतल्या काही सर्वपरिचित ग्रंथांकडे पुन्हा वळतो आहे. प्रवासवर्णनाचा इतिहास सांगणे हा हेतू नाही, त्यामुळे अनेक महत्त्वाची नावे येथे येणार नाहीत.

२

प्रवासवर्णनाच्या चर्चेत सहसा न येणाऱ्या एका ग्रंथापासून सुरुवात करणे सोयीचे आहे. महानुभाव संप्रदायातील 'स्थानपोथी' हा तो ग्रंथ. मुनिव्यासांच्या नावाशी जोडली जाणारी ही पोथी डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केली. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी महाराष्ट्रात जिथे जिथे फिरले आणि थांबले, त्या गावांची, देवळांची, मठांची ही नोंद आहे. ती आपण संप्रदायाचा धर्मग्रंथ किंवा भाषाभ्यासाचे साधन म्हणून वाचतो. 'ठिकाण आणि आठवण' या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले आहे.

या पोथीत निसर्गवर्णन नाही. गाव कसे रम्य होते, नदी कशी वळसा घेत होती, याबद्दल ती मौन पाळते. ती सांगते ते असे : देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणत्या बाजूला, मठ कुठे, पटिशाळा कुठे, आणि स्वामींचे बसणे नेमके कोणत्या जागी झाले. तिची परिभाषाही बोलकी आहे. 'अवस्थान' म्हणजे दीर्घ मुक्काम, 'वसति' म्हणजे रात्रीचा मुक्काम, 'आसन' म्हणजे जिथे बसणे झाले ती जागा. ठिकाणांचे वर्गीकरण सौंदर्यावरून किंवा माहात्म्यावरून केलेले नाही. ते तिथे किती आणि कसे राहणे झाले यावरून केलेले आहे.

वेरूळचे उदाहरण घ्यावे. पोथीच्या भाषेत ते येळापूर. आजच्या प्रवाशाच्या यादीत वेरूळ येते ते लेण्यांसाठी, आणि त्याच्या आठवणीत राहतो तो कैलास. 'लीळाचरित्र' आणि 'स्थानपोथी' यांच्या दृष्टीने त्याच परिसराचे महत्त्व तिथल्या वास्तव्यामुळे आहे. शिल्पांचे कौतुक हा त्यांचा विषय नाही. एका माणसाचे बसणे, उठणे, जेवणे, बोलणे जिथे झाले, ती जागा चुकू नये एवढीच त्यांची काळजी आहे.

ही काळजी का, हे समजून घेण्यासारखे आहे. चक्रधरांच्या मागे राहिलेल्या अनुयायांपुढे प्रश्न होता तो स्मरणाचा. म्हाइंभटांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गाठून लीळा गोळा केल्या. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हा तिथे उपासनेचाच भाग आहे. मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि ती अनेकांच्या पाठांतरातून पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. ज्यांची पोथीच एकदा हरवली होती, त्यांना आठवण किती नाजूक असते हे वेगळे सांगावे लागले नसेल. म्हणून त्यांनी आठवण भावनेच्या हवाली न करता जागेच्या हवाली केली. 'फार प्रसन्न वाटले' हे वाक्य दुसऱ्याला कुठेही घेऊन जाऊ शकत नाही. 'देवळाच्या अमुक दिशेला' हे वाक्य शेकडो वर्षांनी आलेल्या माणसाला त्या जागेपाशी उभे करू शकते. आणि त्या जागी बांधलेल्या ओट्यांपुढे माणसे आजही नतमस्तक होतात.

मराठी गद्याच्या अगदी आरंभी ठिकाणाची आठवण कशी जपावी याचा इतका काटेकोर विचार झालेला होता, हे ध्यानात ठेवून पुढच्या ग्रंथांकडे वळू.

३

विष्णुभट गोडसे वरसईकर हे पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. कर्ज होते, घर ओढगस्तीचे होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळेल, असे कानावर आले म्हणून १८५७ साली काकांसह ते उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंडाची वार्ता त्यांना भेटली आणि पुढे ते प्रत्यक्ष बंडात सापडले. सुमारे पाव शतकाने, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. ती छापली गेली १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर. सरकारी रोषाची भीती हे विलंबाचे उघड कारण होते.

'माझा प्रवास' या पुस्तकाची चर्चा इतिहासाचे साधन म्हणून पुष्कळ झाली आहे. सनावळ्यांच्या बाबतीत त्यावर विसंबता येत नाही, हेही अभ्यासकांनी दाखवले आहे. परंतु येथे विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पंचवीस वर्षांनंतर या माणसाला काय आठवते?

त्यांना मथुरा आठवत नाही, झाशी आठवते. ज्या दक्षिणेसाठी घर सोडले ती मथुरेची होती, पण पुस्तकाचा गाभा झाशीत आहे. झाशीला त्यांचे राहणे झाले. तिथे त्यांना आश्रय मिळाला, राणीच्या दरबाराशी संबंध आला, तिची दिनचर्या जवळून दिसली आणि मग वेढ्यातले दिवस त्याच गावात काढावे लागले. १८५८ च्या एप्रिलच्या आरंभी इंग्रजी फौजा शहरात शिरल्यावर जी कत्तल आणि लूट झाली, तिचे गोडसे यांनी केलेले कथन मराठी गद्यातल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या पानांपैकी आहे. त्या पानांत विशेषणे फार थोडी आहेत. लुटीचे दिवस ते एकेक करून सांगतात आणि कोणत्या दिवशी कोणत्या जिनसा गेल्या हे वेगवेगळे नोंदवतात. आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, मग कापडचोपड, धान्य. ही गरीब भिक्षुकाची स्मरणशक्ती आहे. घरात काय असते आणि गेले म्हणजे कशाची चणचण पहिल्यांदा भासते, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच लूट अशी क्रमाने आठवते. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश हे विद्वानाचे दुःख, तेही ते सांगतात. पण त्याच ओळीत, त्याच सुरात.

येथे एक आक्षेप घेता येईल. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी गोडसे यांना राणी भेटते, तो प्रसंग जेमतेम काही क्षणांचा आहे. तिथे कसले आले राहणे? तरीही पुस्तक मिटल्यावर तोच प्रसंग सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतो. पराभूत, धुळीने माखलेली, तहानलेली राणी. पाणी काढून द्यायला पुढे झालेला ओळखीचा ब्राह्मण. आणि त्याला तसे करू न देता स्वतः पाणी काढणारी ती. याचे उत्तर असे की राहणे दिवसांवर मोजायचे नसते. त्या विहिरीवर दोघांनाही पाणी हवे होते. गोडसे तिथे राणी पाहायला गेले नव्हते. प्रेक्षक म्हणून उभे राहण्याची चैन त्यांना संपूर्ण प्रवासात कुठेच मिळाली नाही, आणि त्यांच्या आठवणीचे बळ यातच आहे.

या ग्रंथाच्या छपाईची कथाही आपल्या विषयाशी संबंधित आहे. वैद्यांनी १९०७ च्या आवृत्तीत भाषा सुधारली, काही भाग गाळला, मजकुराला वळण दिले. पुढे मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे सुमारे साठ वर्षे मराठी वाचक जी आठवण वाचत होता ती सुशिक्षित हातांनी नीटनेटकी केलेली होती. वैद्यांचा हेतू चांगला होता आणि त्यांच्यामुळेच हा ग्रंथ आपल्याला मिळाला. पण नीटनेटके करणे म्हणजे काय, हे पाहण्यासारखे आहे. आठवणीची मूळ भाषा कुणाच्या तरी गावची, पेशाची, जातीची, वयाची असते. ती प्रमाण केली की ठिकाण राहते, पण तिथे राहून आलेला माणूस पुसट होतो. आजच्या प्रवासवर्णनांत कोकणातून आलेला लेखक आणि नागपूरहून आलेला लेखक टोकियो अगदी एकाच मराठीत पाहतात, तेव्हा हीच गोष्ट लेखक स्वतःच करत असतो.

गोडसे परत आले ते संपत्ती घेऊन नव्हे. त्यांनी आणली ती गंगेची कावड. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातल्यावर त्यांचा प्रवास पुरा झाला. प्रवासाची आठवण म्हणून आपण हल्ली जे आणतो त्याच्याशी या कावडीची तुलना करण्याचा मोह आवरून एवढेच म्हणतो की त्यांच्या प्रवासाचा शेवट ठिकाणावर झाला नाही, घरी झाला. हरवले काय, मिळाले काय, हा हिशेब घरच्या उंबऱ्यावरच मांडता येतो.

४

प्रवासाने आठवण गोड होते असे आपण गृहीत धरतो. पंडिता रमाबाईंचे उदाहरण या गृहीताच्या आड येते. त्यांचे बालपण तीर्थयात्रेतच गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यासह कुटुंब वर्षानुवर्षे एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्राला पायी जात होते, पुराण सांगून मिळेल त्यावर राहत होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. ज्या क्षेत्रांची नावे इतरांच्या ओठी पुण्यस्मरण म्हणून येतात, ती रमाबाईंच्या आठवणीत उपासमारीची ठिकाणे म्हणून उरली. त्यांच्या आत्मकथनाचा सूर तेवढ्यासाठीच यात्रावर्णनांच्या परंपरेला छेद देणारा आहे.

अशी बाई पुढे इंग्लंड आणि अमेरिकेला जाते तेव्हा ती काय पाहील? १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. शीर्षकातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्मसंस्था आणि स्त्रियांची स्थिती हे त्यांचे विषय. स्त्रियांच्या संघटनांचे त्यांना मनापासून कौतुक वाटते. वर्णभेद आणि मूळ रहिवाशांवरचा अन्याय मात्र त्यांच्या नजरेतून सुटत नाही. ललित प्रवासवर्णनाच्या निकषावर हे पुस्तक 'माहितीपर' ठरते आणि पहिल्या टप्प्यात जमा होते. पण ही माहिती कोणत्या गरजेतून गोळा झाली हे पाहिले की ते वर्गीकरण अपुरे वाटते. मायदेशी विधवांसाठी शाळा काढायची आहे, म्हणून एक स्त्री दुसऱ्या देशातल्या शाळा पाहत आहे. स्थळांपेक्षा तिथे राहणाऱ्यांकडे इतके लक्ष देणारे प्रवासवृत्त त्या काळात दुसरे दाखवणे कठीण आहे.

यात्रेचाच धागा धरून विसाव्या शतकात आले तर दोन छोट्या-मोठ्या कृती शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा 'परिपूर्ती'तील लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे १९६४ चे 'पालखी'. दोघेही रूढ अर्थाने वारकरी नव्हेत. एक मानववंशशास्त्रज्ञ, दुसरा कथाकार. दोघेही ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर चालले. दोघांच्याही लेखनात पंढरपूर हे गंतव्य आहे, पण लेखनाचा जीव वाटेवरच्या मुक्कामांत आहे.

इरावतीबाईंच्या लेखात मनात रुतून बसते ती एक साधी गोष्ट. एकाच दिंडीत ब्राह्मण बायकांची आणि मराठा बायकांची चूल वेगळी होती. दिवसभर एकत्र चालणे, एकत्र गाणे, आणि जेवणाच्या वेळी दोन पंगती. बाई दोन्हीकडे जेवतात, दोघींची माया घेतात, आणि ही फाळणी त्यांना सलत राहते. ज्या देशाचे लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांना याच वाटेवर सुचलेली व्याख्या आपण अभिमानाने सांगत असतो. पण ती व्याख्या आणि त्या दोन चुली एकाच लेखात आहेत, हे सांगायला विसरतो. आठवणीने काय ठेवायचे आणि काय गाळायचे याची निवड लेखक करतो तशी वाचकही करत असतो. आवडत्या ठिकाणाच्या बाबतीत तर फारच.

मोकाशींची रीत निराळी. चालताना पाय दुखणे, पाऊस, झोपायला जागा मिळणे-न मिळणे, भेटलेल्या माणसाची अर्धवट कळलेली कहाणी, यांतून त्यांचे पुस्तक उभे राहते. श्रद्धा आणि शंका यांचा निकाल लावण्याची त्यांना घाई नाही. चालत राहायचे आणि शेजारी चालणाऱ्याचे ऐकायचे. 'राहूनच गेले' या अर्थाचे राहणे 'पालखी'त सर्वत्र आहे. आपल्याला ही माणसे पुरती कळली नाहीत, याची जाणीव लेखक लपवत नाही. त्यामुळेच वाचकाला ती माणसे खरी वाटतात.

५

पु. ल. देशपांडे यांच्याशिवाय मराठी प्रवासवर्णनाची चर्चा पुरी होत नाही. 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) यांनी प्रवासवर्णन घराघरांत नेले. विलायतेला जाणे ज्यांच्या स्वप्नातही नव्हते अशा हजारो वाचकांना लंडन आणि पॅरिस ही आपल्या ओळखीची गावे वाटू लागली. शीर्षकातच लेखकाचा प्रामाणिकपणा आहे. ही अपूर्वाई आहे, नवलाई आहे. अधिकाराचा आव नाही.

पण 'अपूर्वाई' आज पुन्हा वाचताना लंडनची पाने आणि धावत्या भेटीतल्या ठिकाणांची पाने यांत फरक जाणवतो. लंडनला पु. लं.चा मुक्काम टेलिव्हिजनच्या प्रशिक्षणासाठी होता. कामावर जाणे, घर, हवा, शेजार, खाण्यापिण्याची आबाळ या सगळ्याला तोंड द्यावे लागले. त्या पानांतला विनोद माणसांतून आणि अडचणींतून येतो. जिथे थोडे दिवस थांबून पुढे जायचे असते तिथे विनोद बहुतेक लेखक आपल्यासोबत घरून आणतो. तो हसवतो, पण त्या ठिकाणाचा नसतो. 'पूर्वरंग'मध्ये देशांची संख्या वाढते तसा हा फरक अधिक जाणवतो. तरी पु. लं.च्या ठायी माणसांविषयीची ओढ इतकी आहे की ते पुष्कळदा या मर्यादेवर मात करतात. त्यांच्या मागून आलेल्या अनेकांनी त्यांचा विनोद घेतला, ओढ घेता आली नाही.

पु. लं.चे कमी वाचले जाणारे पुस्तक 'वंगचित्रे' (१९७४) या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते. पन्नाशीच्या घरात असलेला, महाराष्ट्राचा लाडका लेखक बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहतो. तिथे तो पाहुणा नाही, विद्यार्थी आहे. शांतिनिकेतन हे सुशिक्षित मराठी माणसाचे नेहमीचे आवडते ठिकाण. रवींद्रनाथांची घरे पाहायची, झाडांखाली भरणारे वर्ग पाहायचे आणि बोलपूरहून गाडी पकडायची, असा त्याचा साधारण क्रम. पु. ल. त्याच गावात अक्षरओळखीपासून सुरुवात करतात. दुसऱ्याच्या भाषेत आपण चुकतो, अडखळतो, लहान होतो. हे लहान होणे पर्यटकाच्या वाट्याला येत नाही. 'वंगचित्रे'त हशा कमी आहे आणि बंगाल जास्त आहे, म्हणून कदाचित ते 'अपूर्वाई'इतके लोकप्रिय झाले नसावे.

मीना प्रभु यांच्या बाबतीतही हाच कस लावता येतो. एकटीने जग पालथे घालणाऱ्या या लेखिकेने मराठीत देशोदेशींवर जेवढी पुस्तके लिहिली तेवढी क्वचितच कुणी लिहिली असतील, आणि त्यामागचा अभ्यास व धाडस वादातीत आहे. तरीही 'माझं लंडन' त्या रांगेत वेगळे उभे राहते. ज्या शहरात संसार केला, नोकरी केली, त्या शहराला 'माझं' म्हणण्याचा हक्क राहून मिळवलेला असतो.

६

आतापर्यंतच्या विवेचनात ठिकाण जागच्या जागी आहे आणि आठवण धूसर होते आहे, असे गृहीत होते. नर्मदेच्या बाबतीत उलटे घडले आहे. आठवण आहे, ठिकाण गेले.

नर्मदा परिक्रमा हा मराठी प्रवासलेखनाचा एक मोठा आणि आजही वाहता प्रवाह आहे. १,३१२ किलोमीटर लांबीची नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता दोन्ही तीरांनी पायी फिरायचे. गो. नी. दांडेकरांनी तरुणपणी ही परिक्रमा केली. तिच्या आठवणींतून १९५७ साली 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही कादंबरी आली. अनुभव घेऊन बराच काळ लोटल्यावर लिहिताना त्यांनी 'मी' सोडून 'कुणा एका'चा आश्रय घेतला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. परिक्रमावासी भिक्षेवर राहतो. ज्याचे पोट रोज दुसऱ्याच्या दारावर अवलंबून आहे त्याचा 'मी' फार मोठा राहत नाही. अलीकडे जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'ने हा प्रवाह पुन्हा जोरात आणला आणि त्यानंतर परिक्रमेवरच्या मराठी पुस्तकांचे एक स्वतंत्र दालनच तयार झाले.

या पुस्तकांतले एक अटळ ठिकाण म्हणजे शूलपाणीची झाडी. सातपुडा आणि विंध्य यांच्या मधले घनदाट जंगल. तिथले भिल्ल परिक्रमावासीयाला लुटतात, अंगावरचे कपडेही ठेवत नाहीत, आणि परंपरेने या लुटारूंना 'मामा' म्हटले आहे. नर्मदामाईच्याच इच्छेने ते आपला अहंकार उतरवतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. लेखक या अनुभवाने हलतो, नम्र होतो, आणि पुढे निघतो.

सरदार सरोवराच्या पाण्यात या झाडीचा मोठा भाग गेला. मणिबेलीच्या परिसरातले शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले. देव दुसरीकडे नव्या देवळात नेला गेला. महाराष्ट्रात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे बुडिताच्या यादीत आली. त्यांच्या पुनर्वसनाचा लढा मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षे चालला. परिक्रमेचा जुना काठचा मार्ग तिथे आता उरलेला नाही, वाट वळसे घालून जाते.

अशा वेळी आपण मराठी परिक्रमा-ग्रंथांकडे वळतो आणि विचारतो : तिथे काय होते? ती गावे कशी होती, घरे कशाची होती, तिथली माणसे काय खात, कोणत्या देवाला भजत, त्यांची नावे काय? उत्तर फार तोकडे मिळते. लेखकाला काय वाटले याचा तपशील भरपूर आहे; तिथे काय होते याचा थोडा. भिल्ल आहेत, पण लेखकाच्या आध्यात्मिक प्रगतीतले एक पात्र म्हणून. बहुतेकांना नाव नाही. 'मामा' हा शब्द नात्याचा आहे, पण त्या नात्यात विचारपूस एकाच बाजूने झालेली दिसते. परिक्रमावासी तिथे भिक्षा मागत होता, म्हणजे त्या लोकांचे अन्न त्याने खाल्ले होते. त्या अन्नाची परतफेड निदान नाव लिहून करता आली असती.

हा दोष श्रद्धेचा नाही. स्थानपोथीकारही श्रद्धावंतच होता, पण त्याने दाराची दिशा लिहून ठेवली. दोष आहे तो 'स्थळापेक्षा पाहणारे मन महत्त्वाचे' या निकषाचा. आपल्या समीक्षेने तो इतकी वर्षे उचलून धरला की लेखकांनी स्थळ सोडून मनच लिहिले. ठिकाण शाबूत आहे तोवर हे चालून जाते. वाचक स्वतः जाऊन पाहू शकतो. ठिकाण पाण्याखाली गेले की मग लेखनावर येऊन पडणारा भार अशा लेखनाला पेलवत नाही.

७

या सगळ्यातून प्रवासलेखनाचे मूल्यमापन करण्याविषयी काही गोष्टी हाती लागतात.

एक, माहितीपर आणि ललित ही विभागणी आता सोडून द्यावी. 'स्थानपोथी'ची माहिती ही उपासना आहे, रमाबाईंची माहिती ही तळमळ आहे, आणि गोडसे यांनी सांगितलेली लुटीची जिन्नसवारी ही माहिती असूनही कुठल्याही ललित वर्णनाहून अधिक हलवणारी आहे. विचारायचे ते एवढेच की हा तपशील लेखकाला का हवा होता.

दोन, काळाचे अंतर. गोडसे यांनी पाव शतकाने लिहिले, गोनीदांनीही मधे वर्षे जाऊ दिली. मधल्या काळात विसरण्याजोगे विसरले गेले आणि जे उरले ते वजनाचे उरले. आज प्रवास संपण्याआधीच छायाचित्रे आणि मजकूर घरी पोहोचतात. सगळेच साठवलेले असते म्हणून काहीच निवडावे लागत नाही. अर्थात अंतराने सनावळ्या चुकतात, हेही गोडसे यांच्या पुस्तकाने दाखवले आहे. टिपण आणि विस्मरण या दोहोंची गरज असते. टिपण ठिकाणासाठी, विस्मरण लेखकासाठी.

तीन, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, राहणाऱ्यांचा प्रश्न. दिवाळीच्या सुटीत महाराष्ट्रातली लाखो माणसे कोकणात, सह्याद्रीत, हिमालयात जातात. आवडत्या ठिकाणांच्या आठवणी हा आपल्या मध्यमवर्गीय संभाषणाचा हमखास विषय झाला आहे. या आठवणींत समुद्र असतो, धुके असते, मासळीचे ताट असते. ते ताट वाढणारी बाई मात्र अभावानेच नावानिशी असते. प्रवासलेखनाने हे संभाषण जरा वेगळ्या दिशेला वळवणे शक्य आहे. त्यासाठी लेखकाने फार काही करायला नको. कुणाच्या घरी राहिलो, तिथे काय शिजले, विहीर घरापासून किती लांब होती, पाणी कोण आणत होते, हे लिहिले तरी पुरे.

आणि एक काम मराठी साहित्यव्यवहाराकडे बाकी आहे. नर्मदाकाठाहून उठवलेल्या गावांतली पिढी आता पुनर्वसन वसाहतींत राहते. तिच्यातल्या वडीलधाऱ्यांना जुन्या गावाची प्रत्येक वाट, प्रत्येक झाड, देवाची जागा तोंडपाठ आहे. म्हाइंभटांनी जसे एकेका साक्षीदाराला गाठले तसे त्यांना कुणीतरी गाठायला हवे, त्यांच्या भिलोरी-पावरीतून ऐकून मराठीत उतरवायला हवे. परिक्रमेची शेकडो पुस्तके ज्या वाटेवरून गेली, त्या वाटेवर राहणाऱ्यांची एक स्थानपोथी अजून लिहायची राहिली आहे.